डावा घास

माझी मुलगी स्वतःच्या डाव्या हातावर बसून लिहीत होती.

मी वर्गाच्या खिडकीशी उभी होते. शाळा सुटायला थोडा अवकाश होता, आणि सातव्या महिन्याचं पोट घेऊन फाटकापाशी उन्हात ताटकळण्यापेक्षा व्हरांड्याची सावली बरी म्हणून आत आले होते. दुसरीचा वर्ग. सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं, पुढ्यात वह्या. शरूनं डावा तळहात मांडीखाली असा दाबून धरला होता की तिचा अख्खा खांदा एका बाजूला कलला होता. उजव्या मुठीत पेन्सिल, खलातला बत्ता धरावा तशी. जीभ दातांत. ती अक्षरं लिहीत नव्हती, खोदत होती.

आमची शर्वरी जन्माची डावखुरी. पाळण्यातला खुळखुळा तिनं डाव्या हातानं ओढला, पहिला लाडू डाव्या हातानं तोंडात कोंबला. गडहिंग्लजच्या आमच्या घरापुढच्या फरशीवर ती खडूनं शेळ्या काढायची, एका दमात, खडू न उचलता. दाढीवाल्या, रागीट शेळ्या. येणारा-जाणारा थांबून बघायचा. अलीकडे फरशी कोरीच असायची. मी विचारलं तर म्हणायची, "खडू संपला." खडू कपाटात डबाभर होते.

घंटा झाली तशा नेर्लेकर बाई बाहेर आल्या.

"अगंबाई, वृषालीताई! बरं झालं आलात. शरूचं बघितलंत का? सुधारली हो."

"काय सुधारलं?"

"हात! आता उजव्यानंच लिहिते. अक्षर जरा वेडंवाकडं आहे, पण वळेल. लहान आहे तोवर वळतं."

नेर्लेकर बाई आमच्याच गल्लीतल्या. सासूबाईंच्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या, बोलणं मऊ, आवाज कधी चढलेला नाही. पोरं त्यांच्या पदराला लोंबकळायची. शाळेत बालहक्क सप्ताह चालू होता, त्याची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. व्हरांड्यातल्या फळ्यावर त्यांनीच रंगीत खडूनं सूर्य काढून किरणाकिरणावर एकेक हक्क लिहिला होता. शिक्षणाचा हक्क, खेळण्याचा हक्क, मत मांडण्याचा हक्क. शेजारी भिंतीला लाल रंगाची तक्रारपेटी.

"पण बाई, तिला सवय आहे डाव्या हाताची. तुम्ही रागावलात का?"

"छे हो!" त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "मी मुलांना बोट लावत नाही. आणि आता कायद्यानंही लावता येत नाही. आपोआप बदलली ती. मुलं बघून बघून शिकतात."

"या पेटीची किल्ली कुणाकडे असते?" मी उगीचच विचारलं.

"माझ्याकडेच की," बाई हसून म्हणाल्या.

घरी येताना शरू माझ्या उजव्या बाजूनं चालत होती आणि डावा हात तिनं फ्रॉकच्या खिशात खोल घातला होता.

"शरू, हात दुखतो का गं?"

"नाही."

"मग त्याच्यावर बसतेस कशाला?"

तिनं थोडा विचार केला. "त्याला थंडी वाजते."

ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

सासूबाईंना आमच्याकडे आत्ती म्हणतात. आत्ती सोप्यात मेथी निवडत बसल्या होत्या. मी दप्तर ठेवलं, पाणी प्यायले आणि सरळच विचारलं, "आत्ती, शरूच्या हातावरनं तिला कुणी काही बोललंय का?"

"कोण बोलणार? शहाणी झाली पोर." आत्तींनी मान वर केली नाही. "तुला आनंद व्हायचा सोडून तू चेहरा कशाला पाडतीस? उद्या सासरी जाईल. पाहुण्यांच्या ताटात डाव्या हातानं वाढायला लागली म्हणजे आईचा उद्धार होतोय, पोरीचा नव्हं."

"सात वर्षांची आहे ती."

"सातच. म्हणून तर आत्ताच."

मी गप्प बसले नाही. नवऱ्यालाही संध्याकाळी सांगितलं. धैर्यशील दूध संघात नोकरीला होते. आल्या आल्या जेवायला बसायचे आणि ताटावर कसलाही विषय चालायचा नाही.

"बरंच झालं की," ते म्हणाले. "चंदगडच्या लग्नात पंगतीत काय झालं आठवतंय ना? आमचे थोरले दादा म्हणाले, ही पोर कुठल्या हातानं जेवती बघा, आणि सगळी पंगत हसली. मला मान वर करता येईना."

"हसणारी माणसं मोठी होती. मान तिनं का खाली घालायची?"

"मान नाही, हात बदलायचाय," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदाला हसून भाकरीचा तुकडा मोडला.

शरू समोर बसली होती. उजव्या हातातला घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडत होता. तिच्या ताटाभोवती कोंबड्यांना टाकावेत तसे भाताचे कण पडले होते. अर्धं पोट भरलं की ती उठायची. हल्ली तिचे गाल बसले होते. मी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, धाकटं येणार म्हणून मनात धरलंय तिनं, प्रेम करा. सगळं गाव हेच म्हणत होतं. शेजारणी तिच्या हनुवटीला धरून विचारायच्या, "काय गं, रुसलीस होय बाळावर?"

मलाही कधी कधी तसंच वाटायचं. कारण या पोटावर पहिला हक्क तिचाच होता. चौथा महिना लागल्यापासून रोज संध्याकाळी ती यायची, डावा तळहात बेंबीच्या वर बरोब्बर मधोमध ठेवायची आणि बाळाला दिवसभराची हकिकत सांगायची. शाळेत कोण पडलं, कुणाच्या डब्यात काय होतं, मांजरीनं कुठं पिल्लं घातली. ते एकाएकी थांबलं होतं. त्या संध्याकाळी मी तिला जवळ बोलावलं.

"ये, लाथा मारतंय बघ. हात ठेव."

ती आली. उजव्या हाताचं एकच बोट पोटावर टेकवलं, तव्याचा अंदाज घ्यावा तसं. डावा हात पाठीमागं.

"दोन्ही ठेव की. आधी ठेवायचीस ना?"

ती पळाली. मागच्या दारापर्यंत पळाली आणि तिथल्या पायरीवर पाठ करून बसली.

मी तिच्याशेजारी कशीबशी खाली बसले. तिच्या डाव्या मनगटावर लाल दोरा होता, आत्तींनी लक्ष्मीच्या देवळातून आणलेला. तसाच माझ्याही मनगटावर होता, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. आपल्याकडे दोरा नाही असं मनगट कुठं असतं?

"उद्या तुझं वाक्य आहे ना स्टेजवर? पाठ झालं का? म्हण बघू."

ती उभी राहिली. पाय जुळवले. "नमस्कार. माझे नाव शर्वरी धैर्यशील शिंत्रे. मला भीतीशिवाय शिकण्याचा हक्क आहे. धन्यवाद."

"शाब्बास. भीती म्हणजे काय, सांगितलं का बाईंनी?"

"छडी." ती भराभर म्हणाली. "छडी, कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं. ते आमच्या शाळेत नसतं." मग पुन्हा बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, हक्क मोठा का देव मोठा?"

"का गं?"

"सांग ना."

"देव कशाला हक्काच्या आड येईल? तो काय हेडमास्तर आहे?"

तिला हसू आलं नाही. "पण आला तर?"

"कुणी सांगितलं तुला असलं काही?"

"कुणी नाही. नुसतं विचारलं."

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीचे कोणी साहेब आले होते. मुलं ओळीनं मंचावर चढली, एकेकानं आपला हक्क सांगितला. शरूचा आवाज खणखणीत निघाला. डावा हात तिनं पाठीमागं घेतला होता, आणि उजव्या हातानं त्याचं मनगट घट्ट पकडून ठेवलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, काय शिस्तीची पोर आहे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. नेर्लेकर बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटेनात. का, ते मलाही धड सांगता आलं नसतं.

रविवारी माझं डोहाळेजेवण होतं.

आत्तींनी हौसेला तोटा ठेवला नाही. गच्चीवर मांडव, मांडवात झोपाळा, झोपाळ्याला झेंडूच्या माळा. मला हिरवी साडी आणि फुलांचे दागिने. मुकुटापासून मनगटातल्या गजऱ्यांपर्यंत सगळी जुई-शेवंती. पुरुषमंडळी खाली आचाऱ्यापाशी, वर नुसत्या बायका. ओट्या भरून झाल्या, चिडवाचिडवी झाली. माझी चुलत जाऊ उज्ज्वला गळा काढून डोहाळ्याचं गाणं म्हणाली आणि मधेच विसरली, तेव्हा नेर्लेकर बाईंनी पेटीवर तिला सांभाळून घेतलं. जेवणाचं चांदीचं ताट माझ्यापुढं चौरंगावर आलं. मसालेभात, कटाची आमटी, भजी, जिलेबी, सगळं.

"थांबा थांबा, आधी वाट्या!" उज्ज्वला ओरडली.

दोन वाट्या झाकून आणल्या गेल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"शरूला उघडू दे. कुमारिकेच्या हाताला यश असतं," आत्ती म्हणाल्या.

"ये गं शरूबाई! कुठलं पाहिजे तुला, भाऊ का बहीण?"

शरू माझ्या झोपाळ्याच्या दोरीला धरून उभी होती. ती म्हणाली, "कुठलं पण. जिवंत."

बायका एकदम हसल्या आणि तितक्याच एकदम थांबल्या. "काय बाई बोलणं पोरीचं," कुणीतरी पुटपुटलं. "अशा वेळी असं बोलू नये गं सोन्या. उघड, उघड लवकर."

सगळ्यांच्या गलक्यात ती पुढं आली. लहान मूलच ते. समोर झाकलेली वाटी, आत मिठाई, चहूकडून "उघड, उघड." ती क्षणभर विसरली. डावा हात पुढं गेला आणि वाटीला लागला.

मग तिनं जी किंकाळी फोडली, ती आजही मला भर दुपारी ऐकू येते. हात असा मागं ओढला की वाटी ताटावर खणकन आपटली. ती माझ्याकडे आली नाही. ती वळली नेर्लेकर बाईंकडे.

"चुकून लागला! बाई, मी मुद्दाम नाही लावला. खरंच चुकून लागला. तुम्ही सांगा ना तिला, चुकून लागला म्हणून!"

"कुणाला सांगू बाळ?" बाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना माहीत होतं कुणाला.

मी झोपाळ्यावरून उतरले. खाली बसता येत नव्हतं तरी बसले. शरूला धरलं तर ती माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पोटाकडे बघत होती.

"हलतंय का? आई, ते हलतंय का बघ ना!"

"हलतंय राणी. काय झालं? कुणाला सांगायचंय?"

"लक्ष्मीला." तिला हुंदक्यातनं शब्द सापडत नव्हते. "हा हात लक्ष्मीचाय. आज्जीनं दिलाय. बाळ सुखरूप यावं म्हणून. मी वापरला तर ती बाळाला घेऊन जाणार."

"आज्जी म्हणाली?"

"आज्जीनं दोरा बांधला. बाई म्हणाल्या, लक्ष्मी वर्गात पण बघत असती. पेन्सिल कुठल्या हातात आहे ते तिला दिसतं."

सात वर्षांची पोर आपल्या हातावर बसून का लिहीत होती, ते मला कळलं. भावाबहिणीचा जीव ती मांडीखाली दाबून बसत होती, रोज, शाळा सुटेपर्यंत. माझ्या पोटाला हात लावला तर आतलं मूल मरेल म्हणून पळत होती, आणि आम्ही तिला म्हणत होतो, रुसलीस होय!

"तिनं भलताच अर्थ घेतला हो," नेर्लेकर बाई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "मरणाबिरणाचं कुणी काही बोललं नाही. तुमच्या सासूबाई काळजीत होत्या. मीच त्यांना म्हटलं, मारू नका, चटके देऊ नका. हे आता चालत नाही, मुलांचे हक्क असतात. श्रद्धेनं घ्या. मुलं श्रद्धेचं पटकन ऐकतात."

"श्रद्धेनं."

"मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही वृषालीताई. विचारा तिला."

त्यांना त्याचा अभिमान होता. खरोखर अभिमान होता!

"परवा माझ्या मुलीनं मंचावर काय म्हटलं बाई? तुम्हीच पाठ करून घेतलंत ना?"

"अहो, ते..."

"म्हणा की. तुमचंच वाक्य आहे."

"भीतीशिवाय शिकण्याचा..."

"छडी मारली असती ना तुम्ही, तर तिनं घरी येऊन वळ दाखवला असता. मी त्या वळावर तेल लावलं असतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन तुमच्याशी भांडले असते. हे जे तुम्ही हिच्या आत नेऊन ठेवलंत, त्याला मी तेल कुठं लावू? तुमच्या पेटीत तक्रार टाकायची तर ती काय लिहिणार? आणि कुठल्या हातानं?"

"वृषाली!" आत्ती कडाडल्या. "चार माणसांत बाईंना बोलतीस? काय वाईट केलं आम्ही? माझ्या आईनं माझ्या हातावर तापलेलं उलथनं ठेवलं होतं. हे बघ!" त्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या वर तो चकचकीत, सुरकुतलेला डाग. मी तो लग्न झाल्यापासून बघत होते आणि स्वयंपाकात भाजलेलं असेल असं धरून चालले होते. "मी हिच्यावर उलथनं ठेवलं का? दोराच बांधला नव्हं? दोऱ्यानं काय मेलं कुणी?"

त्या डागाकडे बघून रडू यायला हवं होतं. पण त्या बाईला तो चटका नीट आठवत होता, आणि तरी तिनं माझ्या पोरीचा हात देऊन टाकला होता.

"कुणाला विचारून दिलात हात, आत्ती?"

"देवाला द्यायला विचारावं लागतं होय?"

"ज्याचा आहे त्याला विचारावं लागतं."

ओट्यांच्या तबकात फुलं कापायची कात्री होती. मी ती उचलली आणि शरूचं मनगट धरलं. पण तिनं हात छातीशी आवळून घेतला आणि माझ्या हाताला चावायला धावली. माझी पोर, मला.

"नको! तोडू नको! तोडलास तर तू पण जाशील!"

मी कात्री तबकात परत ठेवली. इतका वेळ मी समजत होते की मोठ्यांशी भांडलं की झालं. पण भांडून काय उपयोग होता? आत्ती आणि बाई उद्या गप्प बसल्या असत्या, धैर्यशील म्हणाले असते, बरं बाई, लिहू दे तिला हव्या त्या हातानं. आणि ती तरीही त्या हातावर बसूनच राहिली असती. भीती आता त्यांच्या ताब्यात राहिली नव्हती. शरूच्या ताब्यात होती, आणि पोर ती सांभाळत होती. आमच्यासाठी.

मी उठले. झोपाळ्यावर बसले आणि चौरंग पुढं ओढला.

"शरू, इकडं बघ."

मी डावा हात वर केला. माझ्याही मनगटावर तसाच लाल दोरा, तेच देऊळ, तीच लक्ष्मी. त्या हातानं मी वाटी उघडली, आत जे होतं ते तोंडात टाकलं. मग तोच हात मसालेभातात घातला.

"अगंबाई!"

"वृषाली, अपशकुन गं! पोटुशी बाई तू!"

"ताटावर असलं करू नये!"

"शी धुवायचा हात तो!"

"दोन्ही हात धुतेच मी," मी म्हणाले आणि पहिला घास तोंडात घातला.

खोटं कशाला सांगू, त्या पहिल्या घासाला मीही भ्याले. बाळ नेमकं त्याच वेळी गप्प झालं होतं. आपल्या हाडात काय काय मुरवून ठेवलेलं असतं माणसांनी! शिकलेली, बी. ए. झालेली मी, आणि भात चावताना मनात म्हणाले, आई लक्ष्मी, माझ्यावर काय काढायचं ते काढ. मग माझाच मला असा संताप आला की मी दुसरा घास पहिल्याहून मोठा घेतला.

डाव्या हातानं जेवता येत नव्हतं मला. भात बोटांतून निसटून हिरव्या साडीवर पडत होता. आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, मनगटातले जुईचे गजरे तांबडे झाले. भजं तेवढं सरळ तोंडात गेलं. इतके दिवस माझी पोर अशी जेवत होती, उलट्या हातानं, आणि निम्म्या पोटी उठत होती. मी खात राहिले. रागानं खात राहिले. कुणाकडे बघितलं नाही. बायका कुजबुजत होत्या, एकदोघी जिन्याकडे सरकल्या. आत्ती "खेळ झालाय नुसता" म्हणत उठल्या आणि खाली गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण आदळल्याचा आवाज आला. नेर्लेकर बाईंनी पेटीचा भाता मिटला.

शरू माझ्या पोटावरची नजर काढत नव्हती. प्रत्येक घासाला तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, की देवीची समजूत घालत होती, कोण जाणे.

आणि मग बाळानं लाथ मारली. साडीवर ओघळलेला भात त्या लाथेनं हलला. तिला दिसलं ते.

ती एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक. तिनं पोटाला हात लावला नाही, पण माझ्या खरकट्या हाताकडे बघायला लागली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली, चुकीचं काही बघितलं की पडायची तशी.

"सगळं सांडतीस तू," ती म्हणाली.

"येत नाही मला या हातानं."

"मुठीत धरतीस म्हणून."

नेर्लेकर बाई चप्पल शोधत होत्या. "येते मी. मला जरा उशीरच..."

"बसा बाई," मी म्हणाले. "जरा बघून जा, शिकवतात कसं ते."

त्या उभ्याच राहिल्या, पण गेल्या नाहीत.

शरूनं आजूबाजूला एकदा बघितलं. आज्जी नव्हती. मग तिनं लाल दोऱ्यासकट आपला डावा हात छातीपासून सोडवला, हळूहळू, इतक्या दिवसांत आखडून गेलेला असावा तसा, आणि माझ्या ताटात घातला. चार बोटं जुळवली, भात गोळा केला, आमटीत बुडवून अलगद उचलला. एक कण सांडला नाही.

"बोटं अशी जवळ घ्यायची," ती म्हणाली. "तळहाताला लागू द्यायचं नाही. आणि मागनं अंगठ्यानं ढकलायचं. आ कर."

मी आ केला.

"कळलं का?"

"नाही," मी म्हणाले. "पुन्हा दाखव."